चेतकचा जुना कार्बोरेटर शोधणं आणि पुन्हा बांधणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न दोन-स्ट्रोक बजाज चेतकबद्दलचे आहेत, म्हणजे १९७२ साली आलेली, १४५.४५ सीसीची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी. पुढे आलेल्या चार-स्ट्रोक चेतकचा कार्बोरेटर वेगळ्या घडणीचा आहे. त्याला यातलं फारसं काही लागू होत नाही.

१. माझ्या चेतकला नेमका कोणता कार्बोरेटर आहे?

इटलीच्या डेलॉर्टोच्या 'एसआय' घडणीचा. आपल्याकडे तो बहुतेक स्पाको किंवा जेटेक्स या नावाने मिळतो. इंजिनाच्या बाजूचं पॅनेल काढलं की पत्र्याच्या झाकणाचा डबा दिसतो, त्याच्या आत हा आडवा बसलेला असतो आणि खाली थेट क्रँककेसच्या (इंजिनाच्या ज्या भागात क्रँक फिरतो त्याच्या) तोंडावर टेकतो. मोटारसायकलसारखी लांब जेट-सुई यात नसते, रेस फक्त एका चपट्या स्लाइडवर, म्हणजे गळा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या पट्टीवर, चालते. बॉडीवर २०/१५, २०/१७ किंवा २०/२० असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा गळ्याचा व्यास, दुसरा क्रँककेसकडच्या तोंडाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बाजारात जायच्या आधी आपल्या बॉडीवरचा हा आकडा लिहून घ्या. नुसतं "चेतकचा द्या" म्हणून सांगितलं तर समोर येईल तो गळ्यात पडतो.

२. बिघाड कार्बोरेटरचाच आहे हे कसं ओळखायचं?

आधी बाकीच्या गोष्टी बाद करा. कार्बोरेटरच्या नावाने आलेल्या बऱ्याच गाड्यांचा दोष दुसरीकडेच असतो.

प्लग काढून गॅप ०.६ मिमी आहे का बघा. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडमिट होणाऱ्या संपर्काची) गाडी असेल तर पॉइंट पूर्ण उघडल्यावर साधारण ०.४ मिमी अंतर हवं. मग पेट्रोलचा पाइप काढून कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर दोष कॉकच्या जाळीत किंवा टाकीतल्या गंजात आहे. गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा सुरू होते, असं होत असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्बोरेटरला हातही लावू नका.

ऑइल सीलचं काम गेलं असेल तर लक्षणं हुबेहूब कार्बोरेटरसारखी दिसतात. ती प्रश्न १५ मध्ये आहेत. ती वाचल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

३. सकाळी गाडी तिरकी केल्याशिवाय सुरूच होत नाही. हा कार्बोरेटरचा दोष का?

थोडाफार. गाडी तिरकी केली की दोन गोष्टी होतात. टाकीच्या तळाचं पेट्रोल कॉककडे सरकतं, आणि फ्लोट (वाटीतला तरंगता तुकडा) जागेवरून ढळल्यामुळे पेट्रोल अडवणारी त्याची सुई उघडून वाटीत जास्तीचं पेट्रोल उतरतं, म्हणजे आयता चोक लागतो. टाकी भरलेली असतानाही रोज तिरकी करावी लागत असेल, तर रात्रभरात वाटी रिकामी होतेय किंवा चोकचा रस्ता बुजलाय. चोकचा जेट (मोजून पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) वाटीच्या तळाशी असतो, त्यामुळे गाळ सगळ्यांत आधी तिथेच बसतो.

चोक ओढून किक मारताना रेस अजिबात देऊ नका. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे बाजूने जाणारी वेगळी वाट आहे. ती स्लाइड बंद असतानाच्या ओढीवर चालते. रेस दिली की ओढ गेली, आणि चोक असून नसल्यासारखा. अनेकांची तक्रार एवढ्यावरच मिटते.

४. नवा घ्यावा की जुनाच बांधावा?

तुमच्या आकड्याचा, चांगल्या घडणीचा नवा मिळत असेल तर घ्या. पण सध्या मिळणाऱ्या बिननावाच्या प्रतींमध्ये स्लाइडची खाच ओबडधोबड असते आणि आतल्या वाटा नीट पाडलेल्या नसतात. त्यात जेट बदलत बसण्यापेक्षा मूळ बॉडीचा जुना कार्बोरेटर कधीही बरा. जुन्यात जेट, सुई, फ्लोट, पॅकिंग सगळं बदलता येतं. बदलता येत नाही ती एकच गोष्ट, बॉडी. पैसे बॉडीचे द्यायचे, बाकी सगळं तिच्यासोबत आलेलं समजायचं.

५. जुना कुठे मिळेल आणि घेताना काय काय तपासायचं?

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, सुट्या भागांसाठी नाना पेठ. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. लहान गावात स्कूटरचं काम करणाऱ्या जुन्या मेस्त्रींकडे विचारा. त्यांच्या डब्यात दोन-तीन तरी पडलेले असतात, आणि तो कुठल्या गाडीचा हेही त्यांना आठवतं.

सोबत हातभर नको, तळहाताएवढा सपाट काचेचा तुकडा, लहान स्क्रू ड्रायव्हर आणि ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ठेवा. बॉडीचा तळ काचेवर टेकवून चारही कोपरे दाबा. डुगडुगला किंवा गेज आत शिरला तर तळ वाकलाय. थोडा वाकलेला सुधारतो (प्रश्न ११), जास्त वाकलेला सोडून द्या. मग स्लाइड पूर्ण वर नेऊन सोडा, ती स्वतःच्या स्प्रिंगवर खटकन खाली यायला हवी. स्लाइड बंद ठेवून बॉडी उजेडासमोर धरा. कडेने उजेडाची फट दिसली तर बॉडी झिजलीय, तिचं स्लो (रेस न देता चालणारं इंजिन) कधीच स्थिर राहणार नाही.

मिक्सिंग स्क्रू (स्लोचं मिश्रण कमी-जास्त करणारा) पूर्ण बाहेर काढून बघा. टोकाला कंगोरा पडलेला असेल तर कुणीतरी तो आवळून बसवलाय. स्क्रू नवा मिळतो, पण आतली बैठक फाटली असेल तर बॉडी गेली. झाकणाच्या दोन स्क्रूंचे आटे आणि पेट्रोलच्या नळीच्या बोल्टचे आटे हाताने फिरवून बघा. गेलेले आटे लेथवाला दुरुस्त करून देतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे रोजचं काम आहे, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

काळा चिकट मैल, तुटलेला फ्लोट, हरवलेला जेट यांना घाबरू नका. उलट नव्यासारखा चमकणारा जुना कार्बोरेटर नीट पारखून घ्या. वाळू मारून चमकवलेला असेल तर तिचे कण आतल्या वाटांमध्ये अडकून बसलेले असतात, आणि ते महिनाभर जेटमध्ये येत राहतात.

६. २०/१५ च्या जागी २०/२० बसेल का? एलएमएलचा चालेल का?

बोल्टवर बसतो म्हणजे चालतो असं नाही. क्रँककेसचं तोंड लहान आणि कार्बोरेटरचं मोठं असेल तर मध्ये पायरी तयार होते. तिथे पेट्रोल साचून गाडी अडखळते. तोंड घासून मोठं करायचं तर इंजिन उघडावं लागतं, कारण भुसा क्रँकवर पडतो. शिवाय जेट नव्याने जुळवावे लागतात. मायलेजसाठी हा उद्योग करू नका, ते कमीच होतं.

एलएमएलच्या ज्या गाड्यांना वेगळी ऑइलची टाकी होती, त्यांच्या कार्बोरेटरच्या तळाला ऑइलचं बारीक भोक असतं. पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालणाऱ्या चेतकवर ते भोक उघडं राहिलं तर तिथून हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बसवायचाच असेल तर भोक पक्कं बुजवा आणि पॅकिंग तळाच्या आकाराशी ताडून घ्या.

७. दुरुस्तीच्या किटमध्ये काय असतं, आणि काय वेगळं घ्यावं लागतं?

साध्या किटमध्ये फ्लोटची सुई आणि पॅकिंगचा संच असतो. पॅकिंग दोन असतात, एक डब्याखाली आणि एक कार्बोरेटरखाली. ती मोजूनच दुकानातून निघा. पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी, मिक्सिंग स्क्रूची स्प्रिंग आणि पेट्रोलचा पाइप वेगळे घ्या. किटमध्ये जेट आले तर आधी आकडा जुळवा. जुळला तरी भोक बघा, स्वस्त जेटवर कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष भोक वेगळं असू शकतं.

८. उघडायचा क्रम काय?

कॉक बंद, डब्याचं झाकण, मग एअर फिल्टर. फिल्टर म्हणजे तारेची जाळी, पेट्रोलमध्ये धुऊन वाळवायची. त्यानंतर पेट्रोलची नळी, चोकची केबल, रेसचा दुवा आणि शेवटी तळाचे दोन लांब बोल्ट. कार्बोरेटर उचलला की त्याच क्षणी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. तिथून पडलेला एक वॉशर म्हणजे पूर्ण इंजिन उघडणं.

मिक्सिंग स्क्रू काढायच्या आधी तो आत फिरवत नेऊन किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजून लिहा. मेन जेटची रचना एकावर एक अशी असते: वर हवेचा जेट, मध्ये भोकं पाडलेली मिश्रणनळी, खाली मेन जेट. हे तिन्ही एकमेकांतून ओढून निघतात. एका वाटीत ठेवा, हरवतात ते याच टप्प्यावर.

९. साफ कशाने करायचं? जेटमध्ये सुई किंवा तार घातली तर चालते का?

नाही चालत. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि जेट पितळेचा. शिवणाची सुई एकदा फिरली की भोक कायमचं मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते आणि कारण सापडत नाही. अडकलेल्या जेटसाठी मासेमारीच्या दोरीचा नायलॉनचा धागा वापरा, धातू नको.

बॉडीसाठी रात्रभर रॉकेल किंवा पेट्रोल, मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, मग हवा मारणं. हवा मारताना प्रत्येक भोकात दोन्ही बाजूंनी मारा. फ्लोट आणि रबरी भाग आधीच बाजूला काढा. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड, कॉस्टिक सोडा यांतलं काहीही वापरू नका. बॉडीत जस्त असतं, ते खाल्लं जाऊन पांढरी पूड होते.

१०. सगळं साफ केलं, तरी स्लोला बंद पडते. आता काय राहिलं?

स्लोची वाट. चेतकच्या पेट्रोलमध्ये ऑइल असतं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा गोंद मागे राहतो. तो या बारीक वाटेत बसतो, आणि ती वाट बाहेरून दिसत नाही.

तपासणी अशी: स्लो जेट आणि मिक्सिंग स्क्रू दोन्ही काढा. जेटच्या भोकात फवाऱ्याची नळी घट्ट टेकवून दाबा. स्क्रूच्या भोकातून आणि गळ्यात, स्लाइडच्या मागच्या बारीक छिद्रातून, जोरदार तुषार आले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी नुसतं पाझरत असेल तर वाट अर्धी बुजलीय. पुन्हा भिजवा, पुन्हा मारा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तपकिरी थेंबासोबत गोंदाचा तुकडा बाहेर पडतो. तेव्हाच काम झालं असं समजा. ज्या मेस्त्रीकडे अल्ट्रासॉनिक मशीन आहे त्याच्याकडे दिलंत तर हे लवकर होतं.

११. बसवल्यावर रेस अडकते, हातात धरला होता तेव्हा स्लाइड मोकळी होती. असं का?

बोल्ट जास्त आवळलेत. या कार्बोरेटरची सगळ्यांत मोठी दुखणी इथूनच सुरू होतात. बॉडी मऊ धातूची आणि पातळ, दोनच बोल्टवर बसलेली. जोर लावला की ती मध्यभागी वाकते, स्लाइडची खाच आवळली जाते आणि तळाच्या कडेने हवा शिरते. मग हवा शिरते म्हणून माणूस आणखी आवळतो.

बोल्टचा टॉर्क १६ ते २० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर लहान पाना घ्या आणि फक्त मनगटाने आवळा, खांदा लावू नका. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर स्लाइड हलवून बघा. जिथे ती जड झाली तिथे थांबा आणि तळ तपासा.

वाकलेला तळ असा सुधारतो: जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा, तळ त्यावर आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवा, मग ६०० नंबरवर. सगळीकडे सारखी राखाडी छटा आली की थांबा. डब्याचा तळही तपासा, तो वाकलेला असेल तर कार्बोरेटर पुन्हा वाकणार. पॅकिंगला बॉन्ड किंवा सिलिकॉन लावू नका. त्याचे तुकडे सुटून खाली रोटरी व्हॉल्व्हच्या (प्रश्न १६) जागेवर जातात.

१२. ओव्हरफ्लो थांबत नाही. सुई नवी टाकली, तरी!

झाकण सुटं करून उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने सुई बंद होईल. पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंका. हवा पूर्ण थांबली पाहिजे. गळत असेल तर सुईची बैठक भिंगातून बघा. तिथे कचरा किंवा चरा असतो. बैठकीला चरा असेल तर पूर्ण झाकणच बदलावं लागतं.

हवा थांबते तरी ओव्हरफ्लो होतो, तर फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल शिरलं असेल तर डुबुक आवाज येतो. फ्लोटची पिन वाकली असेल तरी तो कडेला घासून अडकतो.

चेतकमध्ये ओव्हरफ्लोचं पेट्रोल रस्त्यावर सांडतंच असं नाही, ते खाली क्रँककेसमध्ये उतरतं. किक जड लागली तर जोर लावू नका. कॉक बंद करा, प्लग काढा, रेस पूर्ण उघडी ठेवून दहा-बारा किक मारा. आजूबाजूला विडी-काडी पेटलेली नाही ना बघा, प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो.

१३. जेटवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

शंभराव्या भागातले मिलिमीटर. १०० चा मेन जेट म्हणजे १.०० मिमीचं भोक. स्लो जेटवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४८/१६०: पहिला पेट्रोलचा, दुसरा हवेचा. पहिला वाढला की मिश्रण घट्ट, दुसरा वाढला की पातळ. मेन जेटच्या वरचा हवेचा जेटही तसाच, मोठा केला की पातळ. एका वेळी एकच बदला.

१४. मिक्सिंग स्क्रू किती फेरे उघडायचा? आमच्या आरएक्स १०० ला तर उलटं करतात.

हलक्या हाताने टेकवा आणि दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. पाच-सहा किलोमीटर चालवून गाडी गरम करा, मग पाव-पाव फेरा फिरवत प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. जिथे स्लो सगळ्यांत वर आणि एकसारखं वाजतं तिथे ठेवा, आणि वेगळ्या रेसच्या स्क्रूने स्लो खाली आणा. अडीच फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं तर स्लो जेट लहान आहे किंवा वाट बुजलीय (प्रश्न १०).

उलटं करतात ते बरोबरच आहे. चेतकचा स्क्रू स्लाइडच्या मागे, इंजिनाच्या बाजूला आहे आणि तो मिश्रण सोडतो, म्हणून बाहेर काढला की घट्ट. आरएक्स १०० च्या कार्बोरेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे आणि तो हवा सोडतो, म्हणून बाहेर काढला की पातळ. दोन्ही गाड्या घरात असतील तर हे डब्यावर खडूने लिहून ठेवा.

१५. कार्बोरेटर पक्का झालाय, पण रेस सोडल्यावर इंजिन खाली येत नाही.

आधी केबल ढिली आहे का बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर स्लो वाढता कामा नये. ते ठीक असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. चालू इंजिनावर कार्बोरेटरच्या तळाशी थोडं ऑइल सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच (प्रश्न ११). बदलला नाही तर मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं क्रँकचं ऑइल सील संशयित. ते गेलं की मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होण्याची भीती असते, तशी गाडी चालवू नका. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर लक्षण वेगळं: पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत जाणं.

१६. एअर फिल्टर सतत पेट्रोलने भिजतो. जेट बदलून बघितले, फरक नाही.

हा कार्बोरेटरचा दोष नाही. चेतकमध्ये क्रँकची कडच दार बंद करायचं काम करते, हाच रोटरी व्हॉल्व्ह. क्रँककेसवरची तिची जागा चरली की दाबलेलं मिश्रण उलटं वर फेकलं जातं. कार्बोरेटर काढून, क्रँक फिरवून क्रँककेसचं तोंड बंद करा आणि त्यात थोडं दोन-टी (दोन-स्ट्रोकचं) ऑइल ओता. ते थांबून राहिलं पाहिजे. झरकन खाली गेलं तर काम इंजिनाचं आहे.

१७. प्लगचा रंग बघून मेन जेट कसा ठरवायचा?

मोकळ्या रस्त्यावर एक-दीड किलोमीटर पूर्ण रेसने चालवा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद. स्लोवर घरी आणलेल्या प्लगचा रंग काही सांगत नाही. चहाच्या रंगाचा तपकिरी बरोबर. पांढरट असेल तर जेट मोठा करा, आणि तोवर पूर्ण रेस देऊ नका. काळा, ओलसर असेल तर आधी चोक बघा: केबलला एक-दोन मिमी ढील नसेल तर चोक पूर्ण बसत नाही. ऑइल २ टक्केच हवं, म्हणजे लिटरला २० मिली. जास्त ऑइल घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळच होतं.

१८. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने काय बदलतं?

दोन गोष्टी. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरट येत असेल तर मेन जेट दोन ते चार अंकांनी वाढवा, म्हणजे ९८ असेल तर १०० ते १०२. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या वाटीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि बॉडी खातं. जुना पाइप फुगतो, त्याचे काळे कण सुईत जातात. बांधताना पाइप नवाच टाका.

१९. पीयूसीत सीओ जास्त येतं. काय करू?

३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ९००० पीपीएमची मर्यादा आहे. त्यानंतरच्या दोन-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६०००. तपासणी स्लोवर होते, त्यामुळे मेन जेटशी त्याचा संबंध नाही. फिल्टर धुवा, चोक बसतोय का बघा, गाडी गरम करूनच न्या. मिक्सिंग स्क्रू पाव फेरा आत घेतला की बहुधा पुरतं.

२०. महाबळेश्वरला गाडी गुदमरते. जेट बदलू का?

नको. साडेतेराशे मीटरच्या आसपास हवा विरळ होते आणि मिश्रण थोडं घट्ट पडतं. घाट उतरलात की आपोआप ठीक. तिथेच राहणाऱ्यांनी मेन जेट दोन अंकांनी लहान करून बघावा.

२१. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे. आत्ताच बांधलेला कार्बोरेटर पुन्हा बुजेल का?

बुजेल, कारण प्रश्न १० मधलाच गोंद. कॉक बंद करून गाडी सुरू ठेवा, आपोआप बंद पडेपर्यंत. चोक ओढून पुन्हा दोनदा किक मारा, म्हणजे तळातलंही निघतं. टाकी पूर्ण भरून ठेवा, रिकाम्या टाकीला आतून गंज लागतो. परत काढाल तेव्हा पहिली धार कॉकच्या खाली बाटलीत घ्या. तळाशी पाणी किंवा गंज दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाका आणि मगच पाइप जोडा.